चालू हंगामात फ्लँजला तडा गेला तर काय करायचं

साखर कारखान्याच्या इंजिनिअरिंगला नव्याने लागलेल्या पोरांसाठी हे लिहितोय. डिप्लोमा करून आलेले शिफ्ट इंजिनिअर, आयटीआयचे फिटर, वेल्डर, सगळ्यांसाठी. लातूर-धाराशिव पट्ट्यात तीन कारखान्यांत मिळून मी चौदा हंगाम काढले. यातलं बरंचसं मला पहिल्या हंगामात कोणी सांगितलं असतं तर एका माणसाचा हात वाचला असता.

जानेवारीतली रात्र होती, दोनचा सुमार. रस तापवणाऱ्या ज्यूस हीटरकडे जाणाऱ्या एक्झॉस्टच्या, म्हणजे टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेच्या लाइनीवर एका फ्लँजपाशी (दोन पाइप बोल्टने जोडणारी चकती) वाफ फुसफुसत होती. दोन फ्लँजच्या मधलं गॅस्केट, म्हणजे गळती अडवणारं पॅकिंग, गेलं असं धरून मी पाना मागवला. दोन नट कसले तशी वाफ कमी झाली, मला बरं वाटलं. तिसरा नट कसताना टणकन आवाज आला. बोल्टच्या होलापाशी केसाएवढी चीर आधीपासून होती, ती सरळ मानेकडे, म्हणजे पाइप फ्लँजला जोडलाय तिकडे, पळाली. शेजारी उभ्या खलाशाचा (हेल्परचा) हात कोपरापर्यंत भाजला. कारखाना २१ तास बंद राहिला. आमच्या सेक्शनचे जुने फिटर चाचा सकाळी आले, फ्लँजकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "पाना नीचे रखना था बेटा." ते वाक्य मी विसरलो नाही.

आता कोणी म्हणेल, तडा दिसला तर कारखाना बंद करा, त्यात काय एवढं. हंगामात तसं सोपं नसतं. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत (ऊस गाळपाला नेणाऱ्या पट्ट्यावर) पडला पाहिजे, नंतर वजनही घटतं आणि साखरही. टाक्यांतला रस आंबायला लागतो. बॉयलर आग मंद करून दाबून ठेवावा लागतो, पुन्हा चालू करून रस आटवणाऱ्या सगळ्या बॉडी उकळीला आणायला तास जातात. यार्डात ट्रॅक्टरची रांग असते, बैलगाड्या असतात, बीडकडच्या टोळ्या लेकराबाळांसकट थंडीत जाळ करून बसलेल्या असतात. म्हणून "चालव रे कसंबसं" असा दाब चहूबाजूंनी येतो. त्या दाबाखाली डोकं शांत ठेवून काय करायचं, ते खाली क्रमाने लिहितो.

१. पाना खाली ठेवा. आधी बघा.

पहिली वीस मिनिटं फक्त बघण्यात घालवा. गॅस्केट गळतंय की लोखंड फाटलंय, हे ठरल्याशिवाय एकही नट हलवू नका. गॅस्केटची गळती कसल्याने कधी कधी थांबते. तडा गेलेला फ्लँज कसला की फाटतो, कारण बोल्ट ओढला की फ्लँजची कडा वाकते आणि त्या वाकण्यानेच चीर उघडते. वाफ कमी झाली म्हणजे दुरुस्त झालं, असं तर बिलकुल धरू नका. मीही तेच धरलं होतं.

बघायचं कसं? वाफेच्या लाइनीवर हात फिरवून गळती शोधायची नाही, कधीच नाही. जास्त दाबाची कोरडी वाफ डोळ्यांना दिसत नाही. पांढरं दिसतं ते पुढे जाऊन थंड झालेलं पाणी. लांब काठीला चिंधी बांधा आणि ती पुढे धरून चाला, चिंधी फडफडली की थांबा. मग मोबाइलचा कॅमेरा झूम करून लांबूनच फोटो काढा. पाठीमागची बाजू बघायला काठीला आरसा लावा. डिस्टिलरीच्या हद्दीत मात्र मोबाइल न्यायचा नाही.

लाइनीला लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं वेष्टण, असेल तर गळती एकीकडे आणि वाफ दोन मीटर पुढे निघते. त्यावरचा क्लॅडिंगचा पत्रा बाजूने उभं राहून सोडवा, फ्लँजच्या समोर उभं राहू नका. कारखाना जुना असेल तर लॅगिंगमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं. ते सुकं ओरबाडू नका, ओलं करून काढा, मास्क लावा.

गॅस्केट गेलं असेल तर वाफ दोन फ्लँजच्या मधल्या फटीतून निघते. तडा असेल तर नटाखालून, फ्लँजच्या पाठीवरून किंवा पाइप जिथे फ्लँजला जोडलाय त्या वेल्डिंगच्या कडेने निघते. इथे एक फसगत आहे. गॅस्केट आतल्या बाजूने गेलं तरी वाफ बोल्टच्या होलातून येते आणि तडा असल्यासारखी दिसते. तेव्हा फ्लँजची पाठ बघा. होलापासून कडेकडे किंवा होलापासून मानेकडे गंजाचा किंवा पांढऱ्या खाराचा सरळ ओघळ दिसतो का? ओघळाच्या मुळाशी रेघ आहे का? रेघ दिसली की तो तडा समजा. शंका राहिली तरी तडाच समजा.

ओतीव लोखंड हातोडीने वाजवून बघायची जुनी रीत आहे. चांगलं असेल तर खणकन वाजतं, तडकलेलं असेल तर बद्द. रीत खरी आहे, पण दाब पूर्ण उतरलेला असेल तेव्हाच करायची. दाबाखालच्या फ्लँजवर हातोडी नाही, सेंटर पंचही नाही.

२. लाइनीत काय आहे, त्यावरून ठरवा

पुढच्या लाइनींवर तडा दिसला तर निभावून न्यायचा विचारच करू नका. माणसं हटवा, दोर लावा, कंट्रोल रूमला सांगा, लाइन बंद करा:

- बॉयलर ते टर्बाइन मुख्य स्टीम लाइन. ६७ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाच्या को-जन, म्हणजे वीजही बनवणाऱ्या बॉयलरची असो की २१ किलोच्या जुन्या बॉयलरची, सारखंच.
- बॉयलरची फीड वॉटर लाइन. ते पाणी उकळबिंदूच्या वरचं असतं, बाहेर पडताच त्यातल्या काहीची लगेच वाफ होते.
- डिस्टिलरीतली अल्कोहोलची कुठलीही लाइन.
- कॉस्टिक सोड्याची लाइन, त्यातही गरम कॉस्टिकची. डोळ्यात गेला एक थेंब पुरतो. डोळे धुवायचा आय-वॉशचा नळ चालू आहे का, हे हंगामाच्या पहिल्या दिवशी स्वतः उघडून बघा.
- सल्फर बर्नरकडून येणारी वायूची लाइन, जर माणसं काम करतात तिथे वायू पसरत असेल तर.

बाकीच्यांत विचाराला जागा असते: व्हॅक्यूमच्या व्हेपर (रसातून निघालेल्या वाफेच्या) लाइनी, रसाच्या आणि सिरपच्या लाइनी, इंजेक्शन वॉटर (कंडेन्सरचं थंड पाणी), सर्व्हिस वॉटर, कमी दाबाचा एक्झॉस्ट. "कमी दाब" या शब्दाने मात्र फसू नका. एक्झॉस्ट दीड किलोचा म्हणजे वाफ सव्वाशे अंशांच्या वर असते. आणि पाइप केवढा आहे तेही बघा. २५ सेंटिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपात ७ किलोचा दाब असेल तर दोन फ्लँज एकमेकांपासून ढकलणारा जोर सुमारे ३,४०० किलो भरतो. फ्लँजला तडा गेल्यावर हा जोर राहिलेल्या लोखंडावर पडतो.

३. तडा कुठून कुठे गेलाय, हे रंगाने लिहा

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय इथे होतो. तडे ढोबळमानाने दोन प्रकारचे.

एक, बोल्टच्या होलापासून बाहेरच्या कडेकडे गेलेला. यात एका बोल्टची पकड गेलेली असते, बाकीचे बोल्ट जोर धरून असतात. लाइन कमी दाबाची असेल आणि तडा वाढत नसेल तर ठरवून थांबा घेईपर्यंत यावर लक्ष ठेवून चालवता येतं.

दुसरा, मानेभोवती गोल फिरणारा, वेल्डिंगच्या कडेने जाणारा. हा वाढला तर पाइप फ्लँजमधून सुटून निघतो. दाबाखाली असा तडा दिसला की चर्चा नाही, लाइन बंद. होलापासून निघून मानेकडे वळलेला तडाही यातच धरायचा.

फ्लँज कशाचा आहे ते बघा. पोलाद फाटण्याआधी थोडं ताणलं जातं, काही तरी इशारा देतं. ओतीव लोखंड इशारा देत नाही. जुन्या व्हॉल्व्हची बॉडी आणि जुन्या पंपांचे फ्लँज बहुतेक ओतीव असतात. तिथे बोल्टपासून कडेपर्यंतच्या तड्यावरसुद्धा मी जास्त काळ विश्वास ठेवत नाही.

तड्याची दोन्ही टोकं उष्णता सोसणाऱ्या रंगाने किंवा खडूने खूण करून ठेवा. जवळ जाणं सुरक्षित असेल तरच. नसेल तर फोटोवर खूण करा. शेजारी वेळ लिहा. एका तासाने पुन्हा, मग दर दोन तासांनी. टोक खुणेच्या पुढे सरकलेलं दिसलं तर निर्णय आपोआप झाला, लाइन उतरवायची. डोळ्यांना जिथे तडा संपलेला दिसतो तिथे तो संपलेला नसतो, आत आणखी पुढे असतो, हे धरूनच चाला.

४. कोणाला, कसं सांगायचं

शिफ्ट इंजिनिअर, मग चीफ इंजिनिअर. त्याच वेळी चीफ केमिस्टलाही, कारण गाळप कमी करायचं की एखादा हीटर किंवा बॉडी बायपास करायची, हे त्यांच्याशिवाय ठरत नाही. तोंडी सांगा आणि लॉगबुकात लिहा. "फ्लँज लीक" एवढंच लिहू नका. लाइन कोणती, दाब किती, साइज काय, तडा कुठून कुठे आणि किती लांब, किती वाजता पाहिला, कोणी पाहिला. लिहिलेलं असलं की पुढच्या शिफ्टचा नवा मुलगा पाना घेऊन धावत नाही. शक्य असेल तर फ्लँजपाशी पाटीच लावा: "तडा आहे. नट कसू नये."

कायद्याची एक गोष्ट नव्यांना माहीत नसते. १९२३ चा जुना बॉयलर कायदा जाऊन आता २०२५ चा कायदा आलाय, आणि १९५० चे इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स, ज्याला आपण आयबीआर म्हणतो, ते आहेतच. कायद्याच्या व्याख्येत ३.५ किलोच्या वर दाब असलेली वाफेची लाइन येते. शिवाय पाइप आतून २५४ मिलिमीटरपेक्षा मोठा आणि दाब १ किलोच्या वर असेल, तर तीही येते. म्हणजे ज्याला आपण "साधा एक्झॉस्ट" म्हणतो त्या मोठ्या लाइनी या दुसऱ्या अटीत बसू शकतात. अशा लाइनीवर हाताशी असलेल्या वेल्डरकडून चार टाके मारून घेणं चालत नाही. वेल्डर आयबीआर प्रमाणपत्रधारक हवा, फ्लँज-पाइपाला आयबीआरचे कागद हवेत आणि दुरुस्तीबद्दल बाष्पके संचालनालयाच्या कार्यालयाशी रीतसर बोलणं व्हायला हवं. हे चीफ इंजिनिअरचं काम आहे, पण आठवण करून देणं तुमचंही आहे.

५. तडा का गेला, हे लाइन चालू असतानाच शोधा

कारण न शोधता नवा फ्लँज बसवला तर पंधरा दिवसांत तोही तडकतो. मी चार वेळा तरी हे पाहिलंय. बंद पडल्यावर सगळं थंड होतं, पाइप आपल्या जागी येतो आणि पुरावा निघून जातो. म्हणून आत्ताच बघा.

सपोर्ट बघा. पाइपाखालचा आधाराचा शू जागेवर टेकलाय की हवेत आहे? पाइप वरून टांगणाऱ्या हँगरचा रॉड सैल आहे का? त्या जानेवारीच्या रात्रीनंतर आम्ही बोल्ट काढले तेव्हा शेवटचा बोल्ट निघताच पाइप चार बोटं बाजूला सरकला. सपोर्ट खालून गंजून गेला होता आणि सगळं वजन तो एक फ्लँज धरून होता. त्याच्या आदल्या वर्षी पाऊस नव्हता, ऊस नव्हता, कारखान्याचं धुराडं पेटलंच नव्हतं. आपल्या मराठवाड्यात हे ध्यानात ठेवायलाच पाहिजे: दुष्काळात कारखाना एखादा हंगाम बंद राहिला की लाइनी, सपोर्ट, ड्रेन आतून सडतात आणि पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला एकेक करून बोलायला लागतात. बंद हंगामानंतर लागलेल्या कारखान्यात तुम्ही रुजू झाला असाल तर सपोर्टची फेरी आधी मारा.

पाइप ठोकतो का, ते ऐका. वाफेच्या लाइनीत पाणी साठलं आणि व्हॉल्व्ह भसकन उघडला की पाण्याचा गोळा वेगाने जाऊन वळणावर आदळतो. त्या दणक्याने मान तडकते. ट्रॅप (साठलेलं पाणी आपोआप बाहेर सोडणारा) चालू आहे का, ड्रेन तुंबलाय का, रात्रपाळीत लाइन गरम न करताच उघडतात का, हे विचारा. विचारताना दरडावू नका, नाहीतर खरं कळणार नाही.

फ्लँजची जोडी बघा. ओतीव व्हॉल्व्हचा फ्लँज सपाट तोंडाचा असतो आणि त्याला मध्ये उंचवटा असलेला पोलादी फ्लँज जोडला की बोल्ट कसताना ओतीव फ्लँजची कडा त्या उंचवट्यावरून वाकवली जाते. ती वाकत नाही, तडकते. अशा जागी दोन्ही फ्लँज सपाट तोंडाचे आणि गॅस्केट पूर्ण तोंडाचं, बोल्टच्या होलांसकट कापलेलं हवं.

आणि आता नव्यांना हमखास अडकवणारा सापळा. जुन्या कारखान्यांतले कितीतरी फ्लँज टेबल डी, टेबल ई या जुन्या ब्रिटिश मापाचे आहेत. बाजारात पटकन मिळतो तो अमेरिकन मापाचा, क्लास १५० चा. सहा इंची पाइपाला दोन्हींचा बाहेरचा व्यास ११ इंच, दोन्हींना होलं आठच. पण होलांच्या वर्तुळाचा व्यास टेबल ई चा सव्वानऊ इंच आणि क्लास १५० चा साडेनऊ. पाव इंचाचा फरक. लांबून ओळखू येत नाही. मग थांबा चालू असताना रात्री कळतं की बोल्ट जात नाही, कोणी तरी गॅस कटरने होल लांबवतो, आणि त्या जळक्या कडेपासूनच पुढचा तडा निघतो. नवा फ्लँज मागवायच्या आधी समोरासमोरच्या दोन होलांचं मध्य ते मध्य अंतर मोजा. बाहेरचा व्यास सांगून फ्लँज मागवू नका.

६. थांबा मिळेपर्यंत निभावून न्यायचं कसं

सगळ्यात पहिला उपाय दाब उतरवणं. चीफ केमिस्टशी बोलून गाळप थोडं कमी केलं, राखीव हीटर लावला किंवा ती शाखा बायपास केली, की बऱ्याचदा पुढचं काही करावंच लागत नाही. मला हाच उपाय सगळ्यात आवडतो, कारण यात कोणाला वाफेजवळ जावं लागत नाही.

व्हॅक्यूमची लाइन असेल तर काम सोपं. साखर पाडणाऱ्या पॅनचं किंवा शेवटच्या बॉडीचं व्हॅक्यूम ६४० मिलिमीटरवरून उतरायला लागलं, सिरपचा ब्रिक्स (दाटपणाचं माप) पडला, की कुठे तरी हवा ओढली जातेय. उदबत्तीचा धूर फ्लँजभोवती फिरवा, जिथे आत ओढला जाईल तिथे तडा. जागा घासून कोरडी करून एम-सीलसारखी इपॉक्सीची लांबी (पुट्टी) दाबून बसवा, वर कापडाची पट्टी गुंडाळा. व्हॅक्यूम स्वतःच लांबी आत ओढून धरतं. ठरवून थांबा घेईपर्यंत एवढं पुरतं.

पाण्याच्या आणि रसाच्या कमी दाबाच्या लाइनींना दोन अर्ध्या भागांचा पट्टी क्लॅम्प, आत रबर शीट, असं करता येतं. रस १०० अंशांच्या वर असेल तर साधं रबर टिकत नाही, उष्णता सोसणारं घ्या. रस आंबट असतो, तड्यातून गळता रस बोल्ट खातो. रोज पाण्याने धुवून बोल्टची अवस्था बघा.

वाफेच्या लाइनीसाठी चालू लाइनीवर गळती बंद करणाऱ्या एजन्सी असतात. क्लॅम्प लावून आत दाबाने कंपाउंड भरतात. हे काम त्यांनाच करू द्या, पण त्यांना एक गोष्ट तुम्ही स्पष्ट सांगा: गॅस्केट गेलेलं नाही, फ्लँजला तडा आहे. नुसती गॅस्केटची गळती असेल तर ते फ्लँजच्या फटीभोवती पट्टी बांधून आत कंपाउंड भरतात. तडकलेल्या फ्लँजला तसं केलं तर भरण्याचा दाबच तडा वाढवतो. इथे अख्खा फ्लँज झाकून दोन्ही बाजूंच्या पाइपावर बसणारी पेटी लागते, आणि पाइप सुटून निघू नये म्हणून दोन्ही बाजूंना ओढून धरणारे टाय रॉड. पेटीच्या पत्र्याची जाडी, दाब, तापमान यांचा हिशेब कागदावर मागा. गावातल्या वर्कशॉपात अंदाजाने पेटी करून वाफेवर चढवू नका, कितीही घाई असली तरी.

दाबाखाली असलेल्या तड्यावर वेल्डिंग नाही. वितळलेलं लोखंड गळत्या वाफेत धरत नाही आणि उष्णतेने तडा पुढे पळतो. ओतीव लोखंडाला साधा रॉड तर थंड अवस्थेतही चालत नाही. निकेल रॉड, आधी गरम करणं, हळूहळू थंड करणं हे सगळं लागतं, आणि एवढं करूनही वाफेच्या दाबाच्या जागी मी त्यावर भरवसा ठेवत नाही. चालू लाइनीवर एकेक बोल्ट बदलायचा प्रकारही तडकलेल्या फ्लँजवर करू नका. चार बोल्टच्या फ्लँजवर तर कुठल्याच परिस्थितीत नाही.

७. सामान आणि कागद आधी जमवा

कारखाना तुमच्यासाठी थांबणार नसेल, पण कारखाना आपणहून थांबतोच. पाऊस पडून ऊस आला नाही, गव्हाणीची चेन तुटली, क्लीनिंग आलं. तीन-चार तासांचा नो-केन (ऊस नाही म्हणून थांबा) मिळाला आणि तुमचं सामान तयार नसलं तर ती संधी गेली. म्हणून तडा दिसल्यापासून चोवीस तासांत पुढचं सगळं फ्लँजपासून पाच मीटरवर एका पेटीत हवं:

- मोजून मागवलेला फ्लँज, थोडा पाइपाचा तुकडा जोडून आधीच वेल्ड केलेला असेल तर उत्तम
- गॅस्केट, दोन नग. एक बसवताना फाटतंच असं धरा
- बी ७ ग्रेडचे स्टड आणि २ एच चे नट, टोकावरचा शिक्का बघून घेतलेले. हार्डवेअरच्या दुकानातले साधे बोल्ट वाफेला नाही
- रिंग पाने, हातोडा पाना, टॉर्क रेंच, मॉली ग्रीस
- दोन चेन ब्लॉक, स्लिंग, पाइपाला खालून आधार द्यायला जॅक
- लाइनीच्या साइजचे डमी (पाइप बंद करायच्या आंधळ्या चकत्या)
- गुण्या, लेव्हल, फीलर गेज
- डीपी टेस्टचे (रंगाने बारीक तडे दाखवणारे) तीन डबे
- फेस शिल्ड, चामड्याचे हातमोजे, लांब बाह्यांचे सुती कपडे, भाजल्यावर लागणारं वाहतं पाणी जवळ

कागद: वर्क परमिट, वेल्डिंग असेल तर हॉट वर्क परमिट, कुलूप-पाटीची नोंद, वेल्डरच्या प्रमाणपत्राची प्रत, फ्लँज-पाइपाची टेस्ट सर्टिफिकेट, लाइनीचं ड्रॉइंग. ड्रॉइंग जुनं असतं, त्यावर विसंबू नका. लाइन स्वतः पायी चालून कुठून कुठे जाते ते बघून या. खास फ्लँज लातूरच्या किंवा वाळूजच्या एमआयडीसीत मिळाला नाही तर पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मागवता येतो, सकाळपर्यंत येतो. तेवढी रात्र मध्ये जाणार हे आधी धरा.

८. थांबा मिळाला: बदलायचं काम

व्हॉल्व्ह बंद केला म्हणजे लाइन बंद झाली असं नाही. हंगामाच्या मध्यावर निम्मे व्हॉल्व्ह पास होत असतात, म्हणजे बंद असूनही आतून गळतात. दोन व्हॉल्व्ह बंद, मधला ड्रेन उघडा, आणि वेळ असेल तर डमी. व्हॉल्व्हच्या चाकाला साखळी-कुलूप, आणि किल्ली काम करणाऱ्या माणसाच्या खिशात. दुसऱ्या कोणाच्याही नाही. गेज शून्य दाखवतंय म्हणून थांबू नका, गेज अडकलेलं असू शकतं. ड्रेनमधून काही येत नाही ना ते डोळ्यांनी बघा. व्हेपर पाइपाच्या किंवा बॉडीच्या आत माणूस शिरणार असेल तर हवा तपासल्याशिवाय आणि दारात दुसरा माणूस बसवल्याशिवाय नाही.

बोल्ट सोडायच्या आधी दोन्ही बाजूंचा पाइप चेन ब्लॉकवर घ्या. चार बोटांची गोष्ट वर सांगितलीच. मग आपल्यापासून लांबच्या बाजूचे नट आधी सैल करा, पूर्ण काढू नका. आत काही उरलं असेल तर ते पलीकडे निघेल, तोंडावर येणार नाही. पाचर मारून फट उघडा, थांबा, काहीच आलं नाही तर पुढे चला.

जुना फ्लँज काढल्यावर पाइपाचं तोंड घासून डीपी करा. साफ करा, लाल रंग मारा, दहा मिनिटं ठेवा, पुसा, पांढरा डेव्हलपर मारा. तडा पाइपातही शिरलेला असेल तर लाल रेघ उमटते. तेवढा पाइप कापूनच नवा तुकडा जोडायचा. साधे डीपीचे डबे साधारण ५० अंशांपर्यंतच चालतात, गरम पाइपावर मारून "तडा नाही" असं ठरवू नका.

नवा फ्लँज चार टाक्यांवर धरा, गुण्याने चारही बाजू तपासा, होलं मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी येतात का बघा, मगच पूर्ण वेल्डिंग. दोन फ्लँज बोल्टाच्या जोरावर ओढून जुळवायचे नाहीत. हाताने किंवा हलक्या आधाराने जुळत नसतील तर पाइप चुकीचा कापलाय. वेळ गेला तरी चालेल, पुन्हा कापा. ओढून जुळवलेला फ्लँज म्हणजे पुढच्या तड्याची सुरुवात.

बोल्ट समोरासमोर, चांदणीच्या क्रमाने. आधी ठरलेल्या टॉर्कच्या ३० टक्के, मग ७०, मग १००, आणि शेवटी गोल एक फेरी. मग चहा घ्या आणि वाफ सोडायच्या आधी, लाइन थंड असतानाच, आणखी एक फेरी मारा. गॅस्केट बसून बोल्ट थोडे सैल झालेले असतात. गरम झाल्यावर पुन्हा कसायची आपल्याकडे सवय आहे. फायबर शीटच्या गॅस्केटला ती सवय मारक आहे, कारण त्यातलं रबर उष्णतेने कडक होतं आणि गरमात कसलं की गॅस्केट चिरतं.

वाफ सोडताना ड्रेन उघडे ठेवा, बायपासने थोडी थोडी सोडा. मोठ्या लाइनीला मी अर्धा-पाऊण तास देतो. वर कंट्रोल रूममधून फोन येत राहतील. ड्रेनमधून पाणी थांबून कोरडी वाफ आल्याशिवाय मुख्य व्हॉल्व्ह उघडू नका.

९. नंतर

पहिले चोवीस तास दर दोन तासांनी बघा, लॅगिंग तोपर्यंत बांधू नका. सपोर्ट दुरुस्त झाला का, ट्रॅप बदलला का, हे फ्लँजइतकंच लिहून ठेवा. काढलेला फ्लँज भंगारात टाकायच्या आधी तड्याची तोंडं उघडून बघा: जुना काळा गंज किती आणि ताजं चमकणारं लोखंड किती. काळा भाग मोठा असेल तर तडा कित्येक दिवस तिथे होता आणि कोणी पाहिला नाही. मग त्याच लाइनीवरचे बाकीचे फ्लँजही तपासायचे.

पेटी किंवा क्लॅम्प लावून हंगाम काढला असेल तर त्यांची यादी करून चीफ इंजिनिअरच्या टेबलावर ठेवा, प्रत्येकापुढे लावल्याची तारीख. पट्टा पडला, शेवटची मोळी गव्हाणीत गेली, की दोन दिवसांत सगळी माणसं गावाकडे जातात आणि क्लॅम्प तसेच लॅगिंगखाली राहतात. एका कारखान्यात मला तीन हंगामांपूर्वीची पेटी सापडली, आतले बोल्ट हाताने तुटत होते. एप्रिल-मेमध्ये, बॉयलरच्या वार्षिक तपासणीच्या आधी, त्या सगळ्या काढून फ्लँज बदलायचे. पेटी काढल्यावर पुढचा स्ट्रेनर आणि स्टीम ट्रॅपही खोला, कारण भरलेलं कंपाउंड तड्यातून पाइपात शिरून तिथे जाऊन बसलेलं असतं, आणि ट्रॅप तुंबला की लाइनीत पाणी साठून पुन्हा ठोके सुरू होतात.